सिलेंडरची लॉरी येते का?

माझं काम काय होतं असं कुणी विचारलं की मी सांगते, "‘आहे’ की ‘नाही’, एवढं सांगायचं." समोरचा माणूस घोटाळतो. एका बाईंनी तर हळूच विचारलं होतं, पत्रिका बघता का म्हणून. मी म्हटलं, पत्रिकावाले बरे हो, त्यांना "योग आहे पण विलंब आहे" म्हणून सुटता येतं. घरी गेल्यावर लक्षात आलं, की मीसुद्धा लोकांना दिवसभर तेच सांगत फिरते.

तर मी बेंगळूरला नैसर्गिक गॅस पुरवणाऱ्या एका कंपनीत सर्व्हेला होते. आता निवृत्त आहे. माणसं नवं घर घेतात, सामान लावायच्या आधी फोन करतात, "आमच्या घरात पाइपचा गॅस आहे का?" घर त्यांचं, ओटा त्यांचा, ओट्यापाशी उभे तेच, आणि विचारतात मला! मग मी स्कूटर काढायची. आज बनशंकरी, उद्या पीण्या, परवा बेळ्ळंदूर. माहेर निपाणीचं, त्यामुळे कानडी आणि मराठी दोन्ही तोंडात बसलेल्या, आणि वॉचमनपुरती हिंदी येते. माझ्या हुद्द्याला इंग्रजी नाव होतं, चांगलं लांबलचक. ते कधी कुणी उच्चारलं नाही, माझ्या साहेबांनीसुद्धा नाही. सगळीकडे मी "गॅस अक्का".

या कामात कसलं आलंय शहाणपण, असं वाटेल. म्हणून थोडं समजावून सांगते, पुढचं त्याशिवाय कळायचं नाही. पाइपातून येणारा गॅस दोन जातींचा. एक नैसर्गिक गॅस. तो रस्त्याखालच्या लाइनीतून येतो, गल्लीत वळतो, तुमच्या भिंतीवर चढतो आणि शेगडीपाशी थांबतो. दुसरा म्हणजे आपला सिलेंडरचाच गॅस. मोठ्या सोसायट्यांत मागच्या कोपऱ्यात जाळीची एक खोली असते. तिच्यात सिलेंडर रांगेनं उभे करतात, सगळ्यांची तोंडं एका नळीला जोडतात आणि तिथून पाइप वर घरोघरी सोडतात. या खोलीला गॅस बँक म्हणतात. वर स्वयंपाकघरात बघाल तर दोन्हीकडे तसाच पिवळा पाइप, तसाच मीटर, तशीच चावी आणि तशीच निळी ज्योत. शेगडीच्या आतलं भोक तेवढं वेगळं. नैसर्गिक गॅसला मोठं लागतं, सिलेंडरच्या गॅसला बारीक. पण शेगडी उघडून भोक बघायला जातंय कोण!

म्हणून मी स्वयंपाकघरात कधी सुरुवात करायचे नाही. आधी रस्ता बघायचे. लाइन गेली असेल तर कडेला खुणेचे पिवळे दगड रोवलेले असतात. मग फाटक, आणि फाटकावर वॉचमन. त्याला एकच प्रश्न. "भैया, सिलेंडर की लॉरी आती है क्या?" तो "आती है" म्हणाला की संपलं. मालकाला विचाराल तर ब्रोशर दाखवतो, बिल्डरला विचाराल तर हसतो. वॉचमनला मात्र लॉरीसाठी मागचं फाटक स्वतः उघडावं लागतं, त्याला खोटं बोलून काय मिळणार?

बिल्डर लोकांचा एक शब्द आहे, "प्रोव्हिजन". गॅसची प्रोव्हिजन आहे म्हणजे भिंतीला एक भोक आहे. एवढाच त्याचा अर्थ. नागपूरहून नव्यानं आलेल्या एका जोडप्यानं मला ओट्याखालचा पाइप मोठ्या कौतुकानं दाखवला होता. सोनेरी तोटी, त्यावर हळदकुंकू लावलेलं. मी तोटी फिरवली तर पाणी आलं. बोअरवेलची लाइन होती ती. नवऱ्यानं बायकोकडे बघितलं, बायकोनं हळदकुंकवाकडे. मी म्हटलं, असू दे, पाण्याचीही पूजा करतात आपल्यात.

आणि बनशंकरीचे ते आजोबा! त्यांच्या दारावरून लाइन जात होती, "आहे" म्हणायला मीही खूश होते. पण वास्तूवाल्यानं त्यांना सांगून ठेवलेलं, अग्नी आग्नेयेकडूनच घरात आला पाहिजे. रस्ता नेमका वायव्येला. "अक्का, स्वल्प ॲडजस्ट माडी," म्हणाले. माडी म्हणजे करा, स्वल्प म्हणजे थोडंसं. थोडंसं म्हणजे काय, तर आमच्या माणसांनी पाइप कंपाउंडच्या भिंतीला धरून अख्ख्या घराला वळसा घालून नेला. आजोबा त्याच्या मागोमाग काठी टेकत फिरले. शेवटी स्वयंपाकघर निघालं रस्त्याच्याच बाजूला, खिडकीखाली. पण गॅस आग्नेयेकडून आला, याचं समाधान त्यांना मिळालं, आणि अजून मिळत असेल.

असे पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिही म्हटल्यावर मला दुसरंच घर आठवत राहिलं. ते बेळ्ळंदूरचं.

निखिल नावाच्या मुलाची तक्रार आली होती. तक्रार म्हणजे विनंतीच. "आमच्या सोसायटीत नैसर्गिक गॅस कधी मिळू शकेल ते प्रत्यक्ष येऊन सांगावं, आणि येण्यापूर्वी फोन करावा, घरच्या नंबरवर करू नये." मला जरा विचित्र वाटलं. रिंग रोडच्या गर्दीतून स्कूटर घालत मी पोहोचले, तर हा पठ्ठ्या फाटकाबाहेरच उभा. पायात स्लिपर, गळ्यात ऑफिसचं कार्ड, घरून काम करणारा.

"मॅडम, तुम्ही मराठी? थँक गॉड!" तो म्हणाला. "प्लीज इकडे या जरा. वर आई आहे. तिच्यासमोर तेवढा सिलेंडर हा शब्द काढू नका."

मी म्हटलं, "अहो, माझा अर्धा धंदा त्या शब्दावर चालतो."

त्यानं हात जोडले. मग नारळाच्या झाडाखाली उभ्या उभ्या त्यानं मला सगळं सांगितलं. घर इचलकरंजीचं. पूर्वी त्याचे आईवडील आणि काका-काकू एकत्र राहायचे. एके दिवशी दुपारी आईनं नवा सिलेंडर लावला. तोंडाचा रबरी वायसर चिरलेला होता की नव्हताच, कुणास ठाऊक, गॅस गळत राहिला. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो वर जात नाही, फरशीवर साचतो. संध्याकाळी काकूनं देवापाशी दिवा लावायला काडी ओढली. काकू वाचली नाही.

"आईनं त्यानंतर गॅस पेटवला नाही, मॅडम. बाबा होते तोवर ते पेटवायचे. बाबा गेले आणि तिनं सिलेंडरच परत देऊन टाकला. एकटी राहते. इलेक्ट्रिकच्या शेगडीवर काहीतरी उकडते. लाइट गेली की चिरमुरे खाऊन झोपते. मी विचारलं की म्हणते जेवले. ये म्हटलं की म्हणते, तुझ्या घरात सिलेंडर आहे."

म्हणून त्यानं हा फ्लॅट घेतला. ब्रोशरमध्ये "पाइप गॅस" छापलेलं होतं. आईला त्यानं ते वाचून दाखवलं, आई तयार झाली. आणि चावी हातात पडल्यावर मागच्या कोपऱ्यातली जाळीची खोली त्याच्या नजरेस पडली.

"मग सांगितलं नाहीस?" मी अरेतुरेवरच आले. पोरगं माझ्या भाच्याच्या वयाचं होतं.

"कसं सांगू? ती बॅगा भरून बसली होती. आणि तुम्हाला सांगतो, आल्या दिवशी तिनं स्वतः शेगडी पेटवली. पुरणपोळ्या केल्या. मी किती वर्षांनी खाल्ल्या माहितेय? परवा भाजी परतताना गुणगुणत होती. मी तिकडे लॅपटॉपसमोर बसून रडत होतो, मीटिंग चालू होती." मग म्हणाला, "मला फक्त खरा गॅस हवाय. तिला कळायच्या आत. काही करा मॅडम."

आता याला काय सांगणार! नैसर्गिक गॅसची लाइन त्यांच्या सोसायटीपासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबली होती. मधे राजकालुवे, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा नाला. त्याच्याखालून पाइप न्यायला परवानगी लागते, आणि ती देणारी खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. नाला कुणाचा हे एकदा ठरलं की झालं. मी म्हटलं, "लवकरच होईल." हा माझा ठेवणीतला शब्द. त्यालाही तो ऑफिसात वापरायची सवय असणार, कारण त्याचं तोंड लगेच उतरलं.

मी तिथूनच परत फिरणार होते. काम झालं होतं. वॉचमनला विचारायचीही गरज उरली नव्हती. पण तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून हाक आली, "निखिल, कोण आहे रे? उन्हात काय उभं केलंयस? वर आण की!"

इचलकरंजीची बाई, ती दारात आलेल्या माणसाला तशीच जाऊ देईल होय? गेले वर.

शकुंतलाताई माझ्याहून थोड्या मोठ्या. पदर खोचलेला, हाताला कणीक. मी निपाणीची म्हटल्यावर काही विचारायलाच नको. "अगंबाई, आमच्याच की तुम्ही! बसा. पुऱ्या तळायला घेतल्यात, खाऊन जावा." मी म्हटलं, ड्युटीवर आहे. तर म्हणाल्या, "ड्युटीवर भूक लागत नाही काय ओ?" आणि मला स्वयंपाकघरातच खुर्ची दिली. निखिल दारात उभा. माझ्याकडे बघून डोळ्यांनी विनवण्या करतोय.

कढईत पुऱ्या टम्म फुगत होत्या. ताई शेगडीकडे प्रेमानं बघत म्हणाल्या, "तुम्ही गॅसवाल्या ना? चांगलं काम करता बघा. डोक्याला ताप नाही. मला तर वाटलं होतं, या जन्मात मी आता काडी ओढत नाही."

मी पुरी तोंडात घातली. बोलायला लागू नये म्हणून मोठी घातली.

"आणि या बेंगळूरचा काय महिमा सांगू," त्यांचं चालूच, "आमचा निखिल लहानपणी देवाला हात जोड म्हटलं तर पळून जायचा. इकडे येऊन असा देवभक्त झालाय! दर मंगळवारी मला बनशंकरीच्या देवळात नेतो. सकाळी निघायचं, त्या ट्रॅफिकमधून जायचं, देवीला लिंबाचे दिवे लावायचे, दुपार उलटल्यावर परत. कधी म्हणून चुकवत नाही. रजा काढून नेतो, बाई!"

मी निखिलकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. मागच्या फाटकातून लॉरी कुठल्या वारी येते ते मला न विचारता कळलं. घास घशात अडकला आणि मला ठसका लागला. ताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. देवीनं दुसऱ्या कुणाचा संसार असा सांभाळला नसेल.

बरं, नेमका तो वार होता सोमवार. मंगळवारी कसलीशी सुट्टी होती. निखिलला ते ठाऊक असणार, पण लॉरीवाल्यालाही सुट्टी असते आणि मग तो आदल्या दिवशीच येतो, हे काही त्याच्या डोक्यात आलं नसावं.

स्वयंपाकघराला लागून भांडी घासायची छोटी बाल्कनी होती, मागच्या बाजूला. तिचं दार उघडंच होतं. खालून फाटक सरकल्याचा आवाज आला, मग इंजिनाची घरघर, ती थांबली. आणि मग तो आवाज. लोखंड लोखंडावर आपटून, घरंगळत, फरशीवर उभं राहिल्याचा. ज्या घरात कधी सिलेंडर आलाय त्या घरातल्या माणसाला तो सांगावा लागत नाही.

एक. मग आणखी एक. मग ओळीनं.

ताईंच्या हातात झारा होता. मग दुसऱ्या हातानं त्यांनी शेगडीची चावी फिरवली. ज्योत गेली. अर्धी तळलेली पुरी तेलात हळूहळू खाली बसली.

"निखिल," त्या म्हणाल्या.

"आई, मी सांगणार होतो..."

"मंगळवार," त्या म्हणाल्या. मग झारा खाली ठेवून, "म्हणून होय रे देवळात."

मला त्या क्षणी त्या नाल्यात उडी टाकावीशी वाटली. त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय. खालीच कळलं."

"आणि वर येऊन पुरी खाल्लीत."

"खाल्ली."

"आम्हाला सगळ्यांनी मिळून चांगलं वेड्यात काढलं म्हणायचं." आवाज चढला नव्हता. निखिल घाईघाईनं सांगायला लागला, सेफ्टी आहे, सेन्सर आहे, सर्टिफिकेट आहे, इथं सगळ्यांच्या घरी हेच आहे. ताईंनी हात वर केला. "तू गप. बाई, तुम्ही सांगा. हा गॅस येतो कुठनं? मला दाखवा."

आम्ही लिफ्टनं खाली गेलो. निखिलला त्यांनी वरच थांबवलं. लिफ्टमध्ये त्यांनी माझं मनगट धरलं होतं, घट्ट. मला वाटलं, ही बाई तिथंच चक्कर येऊन पडणार आणि मी निवृत्त व्हायच्या आधी घरी बसणार.

जाळीच्या खोलीपाशी मंजण्णा होता. गॅस बँकेवर सोसायटीनं नेमलेला माणूस, पन्नाशीचा, तुमकूरकडचा. लॉरी जायला निघाली होती. त्यानं आधी माझा मोबाइल मागितला, बंद केला आणि लांब कट्ट्यावर नेऊन ठेवला. मग म्हणाला, "जाळीबाहेरनं बघा, अक्का." त्याची कानडी मी ताईंना मराठीत सांगत होते आणि ताईंची मराठी त्याला कानडीत.

तो सिलेंडर जोडत होता. एकेक तोंड पुसायचं, डब्यातून नवा वायसर काढायचा, बोटानं चाचपायचा, बसवायचा, नळी आवळायची. मग बादलीतून ब्रश उचलून साबणाचा फेस त्या जोडावर थापायचा आणि नुसतं बघत उभं राहायचं. बुडबुडा येतो का. नाही आला की पुढचा.

"जुना वायसर का फेकतोय तो?" ताईंनी विचारलं.

मंजण्णा म्हणाला, जुना बघत बसलं तर चांगलाच दिसतो. म्हणून बघायचाच नाही, नवा घालायचा.

"आणि त्याला वास नाही कळत?"

"नाकाचा काय भरवसा," तो म्हणाला, "रोज इथं उभं राहून माझं नाक मेलंय. हे बघतो." आणि त्यानं फेसाकडे बोट दाखवलं.

मी हे मराठीत सांगितलं आणि ताई एकदम तिथंच खाली बसल्या. "त्या दिवशी मला सर्दी झालेली," त्या म्हणाल्या. "दोन्ही नाकपुड्या बंद. जाऊबाईंनी विचारलं होतं, वास येतोय का गं कसला. मी म्हटलं, मला नाही येत. मला येत नव्हता, बाई, खरंच येत नव्हता. पण त्यांना वाटलं, नसेल." आणि त्या रडायला लागल्या. पदर तोंडावर घेऊन, खांदे हलवत, मोठ्यानं. मंजण्णा हातातलं काम थांबवून उभा राहिला. त्याला मराठीचा शब्द कळत नव्हता, पण त्यानं मला भाषांतर विचारलं नाही. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं होतं, लपवून काय करायचं.

मग त्यांनी नाक पुसलं, उठल्या आणि मंजण्णापुढे हात केला. "ब्रश दे."

मी म्हटलं, "त्यांना ब्रश पाहिजे." त्यानं माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, "सरी" म्हणाला, म्हणजे बरं, आणि जाळीचं दार उघडून बाजूला झाला. खरं तर नियमात बसत नव्हतं. मी दुसरीकडे बघितलं.

ताई आत गेल्या. पहिल्या सिलेंडरपाशी ब्रश नेताना फेस नळीवर कमी आणि साडीवर जास्त सांडला. वाकून बघत राहिल्या. बुडबुडा नाही. पुढचा. बुडबुडा नाही. मंजण्णानं नुकताच तपासलेला प्रत्येक जोड त्यांनी पुन्हा तपासला, एकही सोडला नाही. शेवटच्यापाशी पोहोचल्या तोवर फेस नेमका जोडावर बसायला लागला होता. "एवढंच?" त्या मला म्हणाल्या. "एवढंच करायचं असतं? बादलीभर साबणाच्या पाण्याचं काम? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

सिलेंडर घरी देणाऱ्यानं बघायचं असतं, घेणारीनं बघायचं असतं, पुस्तिकेतही छापलेलं असतं. पण पुस्तिका वाचतं कोण, आणि वाचून दाखवतं कोण.

आम्ही वर आलो. निखिल त्याच जागी उभा होता. ताईंनी हात धुतले, थंड तेलातली ती लिबलिबीत पुरी काढून टाकली आणि शेगडीची चावी फिरवली. काडी ओढली. ज्योत आली तशी त्या मागे सरकल्या नाहीत. उरलेल्या पुऱ्या त्यांनी एकेक करून तळल्या, मला वाढल्या, निखिलला वाढल्या. माझ्या आयुष्यात मी एवढं निमूटपणे कधी जेवले नाही.

निखिलचा जीव भांड्यात पडला होता. त्याला वाटलं, निभावलं. तो जवळजवळ हसतच म्हणाला, "म्हणजे आई, आता काही प्रॉब्लेम नाही ना? तू राहतेस ना?"

"प्रॉब्लेम काहीच नाही," ताई म्हणाल्या. "भीती गेली माझी. आता मी कुठंही राहू शकते. इचलकरंजीतसुद्धा."

त्याच्या हातातला घास हातातच राहिला. "तू माझ्यावर रागावलीस."

"तर काय पेढे वाटू? रागावलेच आहे. पण म्हणून जात नाही. तू मला बोलावलंस कशासाठी, तर मला तिकडे जेवायला मिळत नव्हतं. आता मिळेल. घर आहे, शेजार आहे, माझी माणसं आहेत. इथं काय, मंगळवार सोडून कुठं जाते मी?" मग त्यांनी त्याच्या पानात आणखी एक पुरी टाकली. "खा. गार होतील."

मी जिना उतरताना विचार करत होते. मी खोटं बोलले नव्हते, ते बरंच. पण त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता. त्यानं जे आईपासून लपवलं ते तिला राहतं ठेवण्यासाठी, आणि ते उघडं पडलं तेव्हा ती बरी होऊन जायला मोकळी झाली. मी त्या दिवशी नसते गेले तरी लॉरी आलीच असती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पटतं, पण पूर्ण नाही. त्या आठवड्याच्या शेवटी ताई रात्रीच्या बसनं गेल्या. जाताना पिशवीत मंजण्णाकडून मागून घेतलेला ब्रश होता, हे निखिलनंच मला नंतर सांगितलं.

नाला कुणाचा ते अखेर ठरलं. लाइन आली. माझ्या नोकरीच्या अगदी शेवटी शेवटी त्या सोसायटीत नैसर्गिक गॅस सोडला. शेगड्यांची भोकं बदलायला आमची माणसं घरोघरी फिरत होती, आणि मी मुद्दाम निखिलच्या घरी गेले. आता तिथं सांगायला माझ्यापाशी "आहे" होतं. मागची जाळीची खोली रिकामी झाली होती. मंजण्णाला सोसायटीनं पाण्याच्या पंपांवर घेतलं होतं.

स्वयंपाकघर लख्ख होतं, म्हणजे वापरात नव्हतं. मधल्या काळात निखिलचं लग्न झालं होतं, तो आणि त्याची बायको दोघंही जेवण बाहेरून मागवायचे. ओट्यावर मसाल्याचा डबासुद्धा नव्हता. आमच्या माणसानं शेगडी जोडली, जोडांवर फेस लावून बघितला, ज्योत पेटवून दाखवली. चांगली, स्थिर, निळी ज्योत. माझ्या सगळ्या नोकरीत मी कुठल्या ज्योतीची एवढी वाट बघितली नव्हती.

निखिलनं लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल शेगडीसमोर धरला. "आई, बघ! खरा गॅस. नैसर्गिक. आता बिल्डिंगमध्ये एकही सिलेंडर नाही, गॅसवाल्या मॅडमना विचार, त्या इथंच आहेत. आता तरी ये ना."

मी पुढे होऊन पडद्यात बघितलं. ताईंचा चेहरा वाफेत अर्धा दिसत होता, मागे इचलकरंजीचं स्वयंपाकघर, ओट्याखाली लाल सिलेंडर. मला बघून त्या हसल्या. ज्योतीकडे त्यांनी कौतुकानं बघितलं. म्हणाल्या, "छान आहे रे. मस्त आहे. दोघं त्याच्यावर काहीतरी करून खात जावा."

"आणि तू?"

तेवढ्यात तिकडे कुकरनं शिट्टी दिली. ताईंनी मान वळवली.

"दुसरी झाली," त्या म्हणाल्या. "तिसरीला बंद करायचाय, नाहीतर डाळ लागंल. ठेवू?"